बशीत नसलेली तिकोनी

टेबलावर अकरा वस्तू होत्या. मान वळवता येणारा एक दिवा, पत्र्याच्या टोपीचा. स्टँडवरचं एक भिंग. दोन चिमटे, एक टोकदार आणि एक बोथट. काचेच्या चार बश्या. दाणे पसरायची पांढरी पाटी, ते ओढायची पोलादी पट्टी आणि एक मऊ ब्रश. टेबलाच्या लाकडात दोन खळगे होते. डावा तीन मिलिमीटर खोल, उजवा दोन. भिंतीवर एक खिळा होता, त्यावर घड्याळ नव्हतं. खुर्ची एक, आणि तिच्यावर तीन वर्षं कुणी बसलं नव्हतं.

खळगे कोपरांचे होते. माझ्या मावशीच्या.

आमच्या प्रयोगशाळेत बियाण्याचे नमुने येतात. पोत्यावर ‘शुद्ध’ असा शिक्का बसण्याआधी कुणीतरी त्यातले पाचशे ग्रॅम पाटीवर थोडे थोडे पसरतं, पट्टीने ओढतं आणि प्रत्येक दाणा नजरेखालून घालतं. गव्हाचे पाचशे ग्रॅम म्हणजे सुमारे साडेबारा हजार दाणे. त्यात तणाची एकच बी असली तरी ती दिसली पाहिजे, चिमट्यात आली पाहिजे आणि बशीत पडली पाहिजे. बशीत पडली की अहवालात लिहायची. इथे नव्या माणसाला पहिल्याच दिवशी एक वाक्य ऐकवतात: बशीत नाही ते जगात नाही.

अहवालावर सही करायचा अधिकार मात्र चाचणी दिल्याशिवाय मिळत नाही. मला नोकरी लागून पाच महिने झाले होते. सहा महिन्यांत सहीचा अधिकार मिळाला नाही, तर नोकरी संपते. सरांनी, म्हणजे आमच्या प्रमुखांनी, मला दोन दिवस सराव आणि आठ दिवस चाचणी असा कार्यक्रम आखून दिला. रोज दोन नमुने, एक सकाळी, एक दुपारी. गहू यंत्रातून आणि दोनदा हातातून साफ केलेला, त्यात सरांनी स्वतः मोजून मिसळलेल्या तणाच्या बिया.

“मी किती टाकल्या ते फक्त या पाकिटाला माहीत,” सर म्हणाले. “कमी सापडल्या तर आळशी, जास्त सापडल्या तर भोंदू. आठ दिवसांत मिळून तीन कमी चालतील, दोन जास्त चालतील. त्यापुढे सही नाही.”

सरावाचे दोन दिवस मी खिडकीजवळच्या टेबलावर बसले. अडतीस बियांपैकी मला एकतीस सापडल्या. सात कमी.

मी नमुना नेहमी दहा भागांत तपासते आणि भाग वेगळे ठेवते. त्यामुळे परत शोधून पाहता आलं की चूक कुठे झाली. सातपैकी पाच बिया चौथ्या भागानंतरच्या होत्या. म्हणजे सुमारे पंचावन्न मिनिटं मी कामाची होते, त्यानंतर डोळे पाहत होते पण मी पाहत नव्हते. खिडकीबाहेर यंत्रं दुरुस्त करायचं दुकान होतं. लोखंड कापायला लागले की फोनवरचा मापक एकाहत्तर डेसिबल दाखवायचा. समोर मोठं घड्याळ होतं आणि एका तासात मी त्याच्याकडे किती वेळा बघते त्याच्या खुणा केल्या. सतरा झाल्या. पाचशे ग्रॅमला एकशे चाळीस मिनिटं लागत होती.

मग मी प्रयोगशाळेची चारही टेबलं मोजली. सगळ्यांत शांत कोपऱ्यातलं होतं. बेचाळीस डेसिबल, वारा नाही, समोर भिंत.

“कोपऱ्यात बसते,” मी शेजारणीला सांगितलं. तिला सगळे तोंडावरच रेडिओताई म्हणतात आणि ती त्याला ओ देते.

“बस की. बसायला कोण नको म्हणतंय?” ती म्हणाली. “बसायची अडचणच नाही तिथे. उठायची आहे.”

“म्हणजे?”

“म्हणजे काही नाही. आमच्या बाई, तुझ्या मावशी, गेल्यावर मी आठ दिवस बसले होते. मी, जी अर्धा तास गप्प बसू शकत नाही. चहाला हाक मारली तरी ऐकू यायचं नाही. घरी गेले तर नवरा म्हणाला, आजारी आहेस का, बोलत का नाहीस? दुसऱ्या दिवशी माझी खुर्ची उचलून इकडे आणली.”

चाचणीच्या पहिल्या दिवशी सकाळी कोपऱ्यात वरच्या झरोक्यातून पुरेसा उजेड होता. दुपारी दोनला तो एकशे ऐंशी लक्सवर आला. मला हजार हवा होता. मी दिवा लावला, त्याची मान डावीकडे वाकवली आणि मापक हजार दाखवेपर्यंत टोपी पाटीवर खाली आणली. मनगटावरचं घड्याळ काढून खणात ठेवलं. कोपर टेबलावर टेकले. माझे हात मावशीच्या हातांपेक्षा लांब आहेत. तरीही कोपर खळग्यांत बरोबर बसले. त्यासाठी मला खांदे थोडे पुढे आणि मान थोडी उजवीकडे न्यावी लागली. मावशी अशीच बसायची. आमच्या घरी जेवतानासुद्धा.

पट्टी उचलली. दहावा भाग संपला तेव्हा मला वाटलं, पंचवीस मिनिटं झाली असतील. खणातलं घड्याळ पावणेचार दाखवत होतं. एकशे पाच मिनिटं. मिनिटाला पावणेपाच ग्रॅम. संध्याकाळी सरांनी पाकीट उघडलं. बारापैकी बारा.

“तू बोलत होतीस,” रेडिओताई पिशवी आवरताना म्हणाली.

“मी? काय?”

“‘थांब.’ तीनदा. पहिल्यांदा मला वाटलं मला म्हणतेयस. बरं वाटलं, कुणीतरी आपल्याला थांबवायचा प्रयत्न करतंय.” मग ती हसायची थांबली. “बाई म्हणायच्या तसं. संशयाचा दाणा दिसला की हळूच. थांब.”

मला त्यातलं एकही आठवत नव्हतं. पण मावशीच्या तोंडचं ‘थांब’ मी लहानपणापासून ऐकलं होतं. सवय अनुकरणाने येते, हे मी वहीत लिहून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बशीत नऊ बिया आल्या. आठ माहितीतल्या होत्या. नववी काळी, तीन कडांची, दीड मिलिमीटरची, गुळगुळीत. तिला आम्ही तिकोनी म्हणतो. शेतात एकदा शिरली की पिढ्यान्‌पिढ्या निघत नाही. तिची चिमट्याशी वागणूकही तशीच: धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. सपाट बाजूने धरली तर ठीक, कडेवर धरली की ओल्या साबणासारखी निसटून उडते.

सरांनी पाकीट उघडलं. “आठ,” ते म्हणाले. बशी उचलून भिंगाखाली नेली. बराच वेळ पाहत राहिले. “ही मी टाकलेली नाही. तिकोनी मी चाचणीत कधीच टाकत नाही.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. “एक जास्त.”

चौथ्या दिवशी दुपारी पुन्हा तिकोनी. दोन जास्त.

“कुठून येते ही?” सरांनी विचारलं.

“माहीत नाही सर. सकाळच्या नमुन्यात येत नाही. दोन्ही वेळा सातव्या भागात आली, म्हणजे तीन वाजून दहा मिनिटांच्या आसपास.”

“वेळ विचारली नाही मी. कुठून, असं विचारलं.” ते दारापर्यंत गेले आणि वळले. “तुम्ही त्यांची भाची आहात हे मला ठाऊक आहे. त्याचा इथे काही संबंध येऊ देऊ नका. अजून एक सापडली, की चाचणी संपली.”

त्या संध्याकाळी आई स्वयंपाकघराच्या टेबलावर वाळलेले कपडे घडी करत होती. मी तिला सगळं सांगितलं. तिने माझ्या शर्टाची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

“तुला कितपत ठाऊक आहे ताईचं?” तिने विचारलं. मावशी तिची मोठी बहीण.

“तिच्याकडून एक बी राहिली आणि सहीचा अधिकार गेला, एवढंच.”

“राहिली नाही. तेच तर.” आई बसली. “तिने अहवालात शून्य लिहिलं होतं. वर्षाने तक्रार आली, की शेतात तिकोनी उगवली. राखीव ठेवलेला नमुना तुझ्या सरांनी तपासला. त्यात एक निघाली. मग चौकशी. त्यात ताई म्हणाली, माझ्या नमुन्यातही एक होती. मी पाहिली. चिमट्यात धरली आणि उडाली. दोन तास शोधली, मिळाली नाही. बशीत नाही म्हणून लिहिली नाही.”

“मग तिच्यावर कुणी विश्वास ठेवला नसेल.”

“कोण ठेवणार? पाहिली होती तर लिहायची, नाहीतर पाहिली म्हणायचं नाही. तुझ्या सरांचं पण काय चुकलं? पुढची आठ वर्षं तिने दाणे तपासायचे आणि सही दुसऱ्याने करायची. शेवटचं वर्ष इथे होती तेव्हा आठवतं ना, याच टेबलावर तांदूळ निवडायची. निवडून झाले की परत पहिल्यापासून. मी म्हणायचे, अगं ताई, दगड संपले, आता दात शाबूत राहतील. तर म्हणायची, थांब.” आईने उरलेले मोजे जोडीला जोडी लावून ठेवले. एक मोजा उरला. ती त्याच्याकडे पाहत राहिली. “तू टेबल बदल.”

मी बदललं नाही. खिडकीजवळ मी अडतीसमधल्या सात बिया घालवल्या होत्या. कोपऱ्यात चार दिवसांत एकच कमी पडली होती. आकडे बघता टेबल सोडणं मूर्खपणाचं होतं. पण एक गोष्ट मी वहीत लिहिली नाही. कोपर खळग्यांत टेकले की पहिली एक-दोन मिनिटं मला माझा हात दिसायचा. मग पट्टी धरलेला हात दिसायचा. तो कुणाचा, हा प्रश्न पडायचाच नाही. दाणे डावीकडे नऊ-नऊच्या गटांनी जायला लागायचे. मला पाचांनी ओढायला शिकवलं होतं.

सहाव्या दिवशी दुपारी मी पेन्सिल आडवी दातात धरून बसले. तोंडातून काही निघू नये म्हणून. बसण्याआधी रेडिओताई जवळ आली होती.

“ऐक,” ती हळू आवाजात म्हणाली. “आज ती आली ना, तर हळूच फुंकर मार. पाटीवरून खाली. संपलं. बशीत नाही ते जगात नाही. तुझ्या मावशीने नाही म्हणून आठ वर्षं भोगली, तू आहे म्हणून नोकरी घालवणार? एकाच घरात किती जणींनी एकाच बीपायी बरबाद व्हायचं?”

ती कागदपत्रं द्यायला पलीकडच्या इमारतीत गेली. खोलीत मी एकटी होते. दिवा लागलेला, टोपी खाली, हजार लक्स. सहावा भाग संपला. सातवा पसरला. मी ठरवलं होतं की सातवा भाग जरा भरभर ओढायचा. फार नाही. इतकाच, की ‘दिसली नाही’ म्हटलं तर ते खोटं ठरू नये. पट्टी चालू होती. नऊ. नऊ. नऊ.

“थांब.”

हात थांबला. पेन्सिल दातात होती. पेन्सिल आडवी धरली असताना जीभ दातांना टेकत नाही आणि ‘थ’ उमटत नाही. मी नंतर घरी सात वेळा करून पाहिलं.

पट्टीच्या कडेपाशी, गव्हाच्या दोन दाण्यांच्या पाठीवर, तिकोनी होती. दाण्यांमध्ये नव्हती, वर होती. आणि ती डुलत होती. तीन कडांपैकी एका कडेवरून दुसरीवर, दुसरीवरून पुन्हा पहिलीवर. मग स्थिर झाली.

फुंकर मारायला मला अर्धा सेकंद पुरला असता. मी बोथट चिमटा घेतला, तिला सपाट बाजूने धरलं आणि बशीत ठेवलं. वेळ पाहिली. तीन वाजून अकरा. अहवालात लिहिलं: तिकोनी, एक. मग सरांच्या खोलीत गेले.

“तीन जास्त,” मी म्हणाले.

सरांनी चष्मा काढला. “मग चाचणी संपली. तुम्हाला सांगितलं होतं मी.”

“हो सर. पण ती डुलत होती.”

“काय?”

“नमुन्यातली बी पसरतानाच स्थिर होते. ही मी पाहिल्यावरही हलत होती. म्हणजे नुकतीच पडली होती. वरून.”

ते उठले. कोपऱ्यात आले, पण खुर्चीत बसले नाहीत. टेबलाच्या वर छत सोडलं तर एकच वस्तू होती. त्यांनी दिव्याच्या टोपीला हात लावला आणि मागे घेतला. पत्रा तापला होता. टोपीची कड आतल्या बाजूला दुमडलेली होती, तिची पन्हळ झाली होती. सकाळी दिवा लागत नव्हता. दुपारी दोनला लागायचा, सत्तर मिनिटांत पत्रा तापून दुमड किंचित उघडायची. आणि टोपी डावीकडे कलती मी केली होती, आठ दिवसांच्या चाचणीच्या पहिल्या दुपारी.

दिवा बंद करून आम्ही टोपी काढली आणि पांढऱ्या कागदावर उलटी करून ब्रशने झाडली. धूळ पडली आणि तिकोन्या पडल्या. सरांनी मोजल्या, मग मी मोजल्या. सोळा. बशीतल्या तीन धरून एकोणीस.

“एवढ्या?” सर म्हणाले.

रेडिओताई परत आली होती. कागदाकडे पाहून ती दारातच उभी राहिली. “बाई त्या बाटलीतल्या काढायच्या,” ती म्हणाली. “ओळखीसाठी ठेवतो ना आपण, त्या बाटलीतल्या. रोज काम संपलं की एक घ्यायच्या, कडेवर चिमट्यात धरायच्या आणि उडवायच्या. कुठे जाते ते बघायला. मग गुडघ्यांवर बसून जमिनीवर शोधायच्या. सापडली की परत बाटलीत. आम्ही हसायचो.” तिने मान वर करून दिव्याकडे पाहिलं. “वर कुणी पाहिलंच नाही.”

सरांनी कपाटातून ती बाटली आणली. लेबलावर त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं, दोनशे. झाकणाला सील होतं.

“सील मी लावलं,” ते म्हणाले. “मला वाटलं होतं, यातलीच एक काढून एक दिवस त्या म्हणतील, बघा, सापडली.”

सील फोडून मोजलं. एकशे सत्याहत्तर. तेवीस कमी.

“म्हणजे टोपीतल्या एकोणीसही यातल्याच,” सर म्हणाले. “बाकीच्या कुठेतरी फटीत गेल्या असतील.”

“असतील,” मी म्हणाले. “सर, बाटलीत भरण्याआधी बिया मारतात ना?”

“मारतातच. नाहीतर इथून तण पसरेल. ऐंशी अंशांच्या भट्टीत दोन दिवस. ही बाटली मी स्वतः भट्टीत—” ते थांबले. त्यांनी कागदावरच्या एकोणीस बियांकडे पाहिलं. सगळ्या सारख्या दिसत होत्या. मग ते पहिल्यांदाच खुर्चीत बसले. कोपर त्यांनी मांडीवर ठेवले.

“ओला कागद, वीस अंश, चौदा दिवस. भट्टीतून गेलेली उगवणार नाही,” ते म्हणाले. “तुमच्या जास्तीच्या तीन दिव्यातल्या होत्या, नमुन्यातल्या नव्हत्या. त्या मी वजा करतो. उरलेले दोन दिवस पूर्ण करा.”

उरलेले दोन दिवस मी त्याच टेबलावर, धुतलेल्या टोपीच्या दिव्याखाली बसले. उजेड तोच, हजार लक्स. आवाज तोच, बेचाळीस डेसिबल. पाचशे ग्रॅमला एकशे छत्तीस मिनिटं लागली. मी चार वेळा खण उघडून घड्याळ पाहिलं. दाणे पाचांच्या गटांनी ओढले. कोपर खळग्यांत टेकल्यावर डावीकडे एक बोटभर जागा मोकळी राहिली. रेडिओताईला मी विचारलं, तर ती म्हणाली की मी एकही शब्द बोलले नाही, आणि तिला करमलं नाही. या दोन दिवसांत एक बी राहिली. आठ दिवसांत मिळून दोन कमी, जास्त एकही नाही.

सहीचा अधिकार मिळाल्याचं पत्र चाचणी संपल्यावर दहाव्या दिवशी आलं. आईने ते दोनदा वाचलं, घडी घातली आणि मावशीच्या भिंगाच्या डबीत ठेवलं. त्यानंतर दोन दिवसांनी, सकाळी साडेदहाला, मी उगवण कपाट उघडलं. सर मागे उभे होते. रेडिओताई कामाचं निमित्त काढून तिथेच होती. मी ट्रे बाहेर काढला, भिंगाखाली एकेक बी पाहिली, पुन्हा पाहिली. सरांनी पेन पुढे केलं. माझ्या सहीचा पहिला अहवाल असा आहे:

बी: तिकोनी. मिळाल्याची जागा: कोपऱ्यातल्या टेबलावरचा दिवा. ओल्या कागदावर ठेवल्या: एकोणीस. तापमान: वीस अंश. चौदाव्या दिवशी उगवल्या: एक.